खाटेखालचं फळ

उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक मोठा दवाखाना आहे आणि त्याच्या फाटकाबाहेर इलियास बागवान फळांचा गाडा लावतो. मोसंबी, केळी, डाळिंब सगळं असतं, पण खरा धंदा सफरचंदाचा. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायची सोय नाही, आणि न्यायचं म्हणजे सफरचंदच न्यायचं, हे कुणी ठरवून दिलंय देव जाणे. पेशंटच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नसेना का, उशाशी सफरचंदाची पिशवी पाहिजेच. पाव्हणा येतो, पिशवी ठेवतो, सलाइनच्या बाटलीकडं बघून मान हलवतो आणि चहा पिऊन गावाला जातो.

आत डॉक्टरांची फौज बसलेली, पण सफरचंद खावं की न खावं हे लोक विचारणार इलियासला. ह्याला मेण फासलंय का? इंजेक्शन मारून लाल केलंय का? बी पोटात गेली तर विष होतं म्हणतात, खरं का? साल काढून द्यावं का सालीसकट? साखरवाल्याला चालतं का? कापलेलं तांबडं पडतं, ते खावं का टाकावं? मोबाइलवर कुणी काय पाठवलं की दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न तयार. इलियासची तब्येत खूश असली तर तो सगळं नीट सांगायचा. मेणाचा पातळ हात असतोय, कोमट पाण्यात चोळून धुवा. बी गिळू नका, थुंका, पण एखादी गेली म्हणून कुणी मरत नाही. तांबडं पडलं तर पडू दे, हवेनं पडतंय. साखरेचं मात्र आतल्या डॉक्टरला विचारा. आणि डोकं फिरलेलं असलं की म्हणायचा, “आवं, दवाखाना आत हाय, मी भाईर हाय.” पण काही का असेना, शेवट ठरलेला असायचा. पिशवीला गाठ मारून हातात देताना म्हणायचा, बिनघोर खावा. त्या एका शब्दासाठीच लोक त्याच्याकडं यायचे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता या धंद्यातली आतली गोष्ट. एका पेशंटला बघायला निम्मं गाव येतं. खाटेखाली पिशव्यांची रास लागते. खाणार कोण? मग जायच्या दिवशी नातेवाईक त्या पिशव्या गाड्यावर आणून देतात. इलियास पडत्या भावात घेतो, बायकोच्या, मेहरुनबीच्या, जुन्या साडीच्या फडक्यानं पुसतो आणि परत रचतो. म्हणजे आज तुम्ही मामाला नेलेलं सफरचंद परवा दुसऱ्या कुणाच्या सासूच्या उशाशी असतं. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

इलियासचा बाप अजमल गाडा चालवायचा तेव्हा त्याचा एक नेम होता. पिशवीला हात लावायच्या आधी तो विचारायचा, पेशंट कसा हाय? बरा झाला म्हणाले तर फळ घ्यायचं. वारला म्हणाले तर नाही. ते फळ शेळीला घाला, मातीत पुरा, काय बी करा, पण दुसऱ्या आजाऱ्याच्या उशाला जाऊ देऊ नका, असं बजावायचा. का म्हणून विचारलं तर खेकसायचा. इलियासनंही बरीच वर्षं तसंच केलं. मग एकदा त्यानं एका तरण्या माणसाला विचारलं, आणि तो माणूस तिथंच गाड्याच्या चाकाशी बसून हमसून हमसून रडायला लागला. बाळंतपणात बायको गेली होती त्याची. इलियासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडलं. त्यात दया होती आणि सोयही होती, कारण न विचारता घेतलं की माल जास्त मिळतो. कुठली किती होती, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात तापाची साथ आली आणि दवाखान्यात खाट मिळेना झाली. तेव्हाच एक दिवस कडेगावाकडची अंबूबाई गाड्यावर आली. तिचा नवरा सयाजी आत होता. तिनं चांगलं मोठं, लालभडक सफरचंद उचललं आणि देठाजवळ नखानं खरवडलं. नखात मेण आलं. सालीवर नखाची अर्धी कोर उमटली. इलियास वैतागला, कारण असं नख लावलेलं फळ दुसरं कुणी घेत नाही. पण बाईचा चेहरा बघून गप्प बसला. मालक काहीच खाईनात, हे दिलं तर बाधायचं तर नाही ना, असं तिनं दोन-दोनदा विचारलं. इलियास म्हणाला, बिनघोर द्या.

थोड्याच दिवसांत अंबूबाईचा भाचा पिशवी परत घेऊन आला. इलियासनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पिशवीत ते नख लावलेलं सफरचंद जसंच्या तसं होतं. इलियासनं पुसून ते वरच्या रांगेत मांडलं, कोर खाली, चांगली बाजू वर. हेही या धंद्यातलं कसब. ते पाटणकडच्या एका म्हातारीच्या पिशवीतून आत गेलं आणि तसंच परत आलं. इलियासला हसू आलं. नानासो चहावाल्याला तो म्हणालासुद्धा, की ह्या गड्याला दवाखान्याची गोडी लागलीय.

पण एक गोष्ट त्याच्या हाताला जाणवायला लागली. सकाळी गाड्यावरचं कापड काढलं की सगळी फळं गार लागायची, थंडीच तशी होती. हे एक मात्र कोमट असायचं. नुकतंच कुणीतरी मुठीतून खाली ठेवल्यासारखं. आणि ते सुकेना. परतीचं फळ आठवडाभरात देठाशी सुरकुततं, दाबलं की अंगठा आत जातो. हे घट्ट होतं, लाल होतं, आणि वास तर पेटी आत्ता फोडल्यासारखा. इलियासनं मनाची समजूत घातली, मेण जाड लागलं असेल. पण बागवानाच्या हाताला मेण कळतं, आणि या फळावरचं मेण पुसून पुसून केव्हाच गेलं होतं.

मग उदयसिंह आला. फौजेतून रिटायर झालेला माणूस, मिशीला पीळ, बोलणं खणखणीत. त्याचा थोरला भाऊ वीरधवल आत होता. त्यानं काही न विचारता हाताला येतील ती सफरचंदं पिशवीत भरली, आणि त्यात तेही गेलं. इलियासच्या तोंडापर्यंत आलं होतं, ते एक नको, दुसरं घ्या. पण कारण काय सांगणार? तो बघत राहिला आणि उदयसिंह फाटकातून आत गेला.

परत आला तेव्हा तो मिशीला पीळ न भरता आला. पिशवी गाड्यावर ठेवली आणि उभा राहिला. इतक्या वर्षांनी इलियासच्या तोंडून ते आपोआप निघालं, “पेशंट कसा हाय?”

“गेला, इलियासभाई. आज पहाटं.” उदयसिंहानं पिशवीत हात घालून नेमकं तेच सफरचंद बाहेर काढलं. “हे त्याच्या मुठीत दिलं हुतं. खाऊ नको म्हनलं, नुसता वास घे. शेवटपत्तुर सोडलं न्हाई बघा त्यानं.”

इलियासनं ते हातात घेतलं. कोमट होतं. आता बापाचा नेम पाळायची वेळ होती, पण समोर उभ्या राहिलेल्या फौजीला घेऊन जा ही पिशवी म्हणून कसं सांगायचं, ते त्याला सुचेना. त्यानं पिशवी ठेवून घेतली. उदयसिंह गेल्यावर तो नानासोकडं गेला आणि सहज विचारल्यासारखं करून कडेगावच्या सयाजीचं विचारलं. नानासोला दवाखान्यातलं सगळं ठाऊक असायचं. सयाजी गेला की, म्हणाला, पोरगं पिशवी देऊन गेलं त्याच दिवशी. आणि पाटणची म्हातारी? तीही गेली. नानासो कपबशा विसळत म्हणाला, साथच वाईट हाय ही. इलियास मान हलवून परत आला.

त्या संध्याकाळी ते सफरचंद त्यानं खिशात घालून घरी नेलं आणि दारातल्या शेळीपुढं टाकलं. ही शेळी म्हणजे चालता उकिरडा. प्लॅस्टिकची पिशवी खाईल, इलियासची टोपी खाईल, एकदा तर मेहरुनबीची चप्पल खाल्लेली. तिनं सफरचंदाला नाक लावलं आणि मागं सरली, दाव्याला ताण बसेपर्यंत. मग तिथंच उभी राहून फळाकडं बघत ओरडायला लागली. इलियासनं घाईघाईनं ते उचललं.

फेकून द्यावं, तर बागवानाचा हात खाण्याजोगं फळ फेकायला उठत नाही. बापानं पुरा म्हणून सांगितलं होतं, तेही त्याच्यानं होईना. जे अजून घट्ट आणि कोमट आहे ते मातीत कसं घालायचं? शेवटी गाड्याखाली एक रिकामी पेटी होती, तिच्यातल्या कागदाच्या चुऱ्यात त्यानं ते खोल दाबून ठेवलं. पडू दे तिथं, आपोआप नासेल. बरोबर डागी सफरचंदंही टाकली, म्हणजे त्यांच्या संगतीनं लवकर जाईल. डागी सगळी नासली, त्यांचं पाणी झालं, चिलटं आली. हे त्या घाणीत लाल ते लालच. इलियासनं परत त्या पेटीत हात घातला नाही.

आणि मेहरुनबी आजारी पडली.

आधी थंडी वाजून ताप, मग अन्नाचा वास आला तरी उमासे. तिला त्याच दवाखान्यात आणलं. कुपवाडहून जावई अफताब कारखान्यातनं सुट्टी काढून सबाला मोटारसायकलवर सोडून गेला. सबा म्हणजे इलियासची एकुलती एक लेक. तिनं बापाला सांगितलं, अब्बा तुम्ही अम्मीजवळ बसा, गाड्याचं मी बघते. लहानपणी गाड्याखाली खेळलेली पोरगी, तिला काय शिकवायचं? इलियासनं पाण्याचा जग उचलला आणि बायकोच्या खाटेपाशी जाऊन बसला. पेटीची आठवण त्याला त्या घाईत झाली नाही.

मेहरुनबीच्या तोंडात काहीच जाईना. पेज नको, दूध नको, चहाचा घोट आला तसा बाहेर. डॉक्टरीणबाईंनी इलियासला बाजूला घेऊन सांगितलं, औषधं चालू आहेत, पण पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर शरीर साथ द्यायचं नाही. इलियासनं हो हो म्हटलं आणि जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला रडू येत होतं. हजारो माणसांना काय खावं ते सांगणारा तो, आणि स्वतःच्या बायकोला एक घास भरवता येत नव्हता.

इकडं बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. उंब्रजात बागवानाला ओळखत नाही असा कोण? जो तो येताना पिशवी आणायचा, आणि पिशवी कुठली, तर फाटकाबाहेरच्या गाड्यावरची, सबानं हसून भरून दिलेली. खाटेखाली रास वाढत गेली. आयुष्यभर इलियास ती रास दुसऱ्यांच्या खाटेखाली असेल असं नुसतं धरून चालला होता. आता ती त्याच्या पायाला लागत होती. तो मधूनच वाकून एकेका पिशवीत हात घालायचा आणि चाचपायचा. सगळी गार लागली की जरा बरं वाटायचं.

एका दुपारी खाटेपाशी येऊन कुणीतरी हळूच विचारलं, “बागवानाची मालकीण हीच का?” बघतो तर अंबूबाई. कपाळ मोकळं. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला न्यायला आली होती. बाहेर सबाकडून कळलं, म्हणून तशीच माणुसकीनं वर आली. तुमी त्या दिवशी गोड बोलला, ते ध्यानात राहिलं, असं ती इलियासला म्हणाली. इलियासला तिच्या तोंडाकडं बघवेना. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

अंबूबाईनं पिशवी उघडली आणि वरचं एक सफरचंद काढलं. सबा सांगत होती म्हणे, गाड्याखालची पेटी साफ केली, सगळा लगदा निघाला, त्यात हे एक सोन्यासारखं होतं, धुऊन वर ठेवलं. अंबूबाईनं ते उजेडाकडं धरलं आणि थांबली. “ह्येला बी कुनीतरी नख लावलंय बघा. माझ्यावानीच असंल कुनी, भित्री.” ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं ते मेहरुनबीच्या हातावर ठेवलं.

इलियासनं ती नखाची कोर ओळखली.

मेहरुनबीनं ते नाकाशी नेलं. तो उमाशाची वाट बघत होता, पण तिला उमासा आला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. बागवानाच्या घरात आख्खं फळ कधी येत नाही. डाग पडला की डाग कापायचा आणि उरलेलं बायकोपोरांनी खायचं. लग्न होऊन आल्यापासून तिनं तसंच खाल्लं होतं, आणि त्याबद्दल कधी ब्र काढला नव्हता.

“आवं,” ती म्हणाली, “आख्खं हाय. खाऊ का?”

सगळी दुनिया त्याला हेच विचारत आली होती आणि त्याचं उत्तर जिभेवर असायचं. आता जीभ उचलेना. नको म्हणावं, तर तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते कानात घुमत होतं. खा म्हणावं, तर सयाजी, म्हातारी, वीरधवल. खरं कारण सांगावं, तर समोर स्टुलावर अंबूबाई बसलेली, मोकळ्या कपाळानं, त्याचे उपकार मानत. मेहरुनबीनं सफरचंद ओठाला लावलं.

इलियासनं ते तिच्या हातातून हिसकावलं आणि त्याचा लचका तोडला.

मग तो थांबलाच नाही. उभ्याउभ्या, दोन्ही हातांनी धरून, बकाबका. साल, गर, मधला कडक भाग, बिया सुद्धा चावून. खाटेखाली परत काही जाता कामा नये, फाटकाबाहेर काही जाता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि ते गोड होतं. इतकं गोड फळ त्यानं जन्मात खाल्लं नव्हतं. इतक्या उशांशी जाऊन आलं आणि एकालाही त्याची चव घेता आली नाही, हे मनात आलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तरी तो चावत राहिला.

अंबूबाई बघत राहिली. काळजीनं उपाशी राहिला असेल बिचारा, असं तिला वाटलं, आणि तिनं पदरानं डोळे टिपले. मेहरुनबीला मात्र राग आला. तापानं खोल गेलेले डोळे तिनं त्याच्यावर रोखले. हातातोंडाशी आलेलं नवऱ्यानं ओढून खावं, तेही दवाखान्यात, परक्या बाईपुढं! तिनं कोपरावर रेटा देऊन अंबूबाईच्या पिशवीत हात घातला, दुसरं सफरचंद काढलं आणि नुसत्या रागानं त्याला दात लावले. इलियास अडवायला गेला, पण त्याचं तोंड भरलेलं होतं. तिनं एक घास चावला, गिळला. तो आत राहिला. मग दुसरा. अर्धं सफरचंद पोटात गेलं तेव्हा ती दमून आडवी झाली, त्याच्याकडं पाठ करून.

तिथून ती सुधारली. ताप उतरला, पेज राहायला लागली, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला घरी सोडलं.

इलियास वाट बघत होता. आज आपली पाळी, उद्या आपली पाळी. छातीत जरा दुखलं तरी मनातल्या मनात कलमा म्हणायचा. काही झालं नाही. त्याला एकच झालं, आणि तेही कळायला वेळ लागला. चहात साखर नाही म्हणून तो घरात भांडला, तर साखर होती. नवी पेटी फोडून त्यानं फोड तोंडात टाकली, तर ती पाण्यासारखी लागली. केळं, द्राक्ष, गूळ, काहीच गोड लागेना. खारट कळायचं, आंबट कळायचं, फक्त गोड गेलं. साथीच्या तापात होतं असं कधीकधी, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या. आपल्याला ताप आलाच नव्हता, हे काही तो त्यांना म्हणाला नाही.

परतीच्या पिशव्या घेणं त्यानं बंद केलं. लोक रागावले, काही दुसऱ्या गाड्याकडं गेले. आणि चव सांगायला आता मेहरुनबी गाड्याशेजारी खुर्ची टाकून बसते. नवी पेटी फुटली की पहिलं सफरचंद तो तिच्यासाठी कापतो, चांगल्यातलं, बिनडागी. ती चावून सांगते, गोड हाय, नाहीतर म्हणते, भाव कमी लावा. कुणी बाई आली की ती दवाखान्यातली गोष्ट रंगवून सांगते, की पेशंट मी आणि सफरचंद खाल्लं ह्यांनी, बियासकट. बायका पदर तोंडाला लावून हसतात. इलियास फळं पुसत राहतो आणि तिला सांगू देतो.

परवा गिऱ्हाईक नव्हतं. ऊन चांगलं पडलं होतं. मेहरुनबीनं सहज विचारलं, ते सफरचंद कसं होतं हो त्या दिवशीचं? इलियासला खोटं बोलायचं सुचलंच नाही. त्याच्या जिभेला आठवण तेवढीच उरली होती.

“लय गोड,” तो म्हणाला. “तसं फळ मी उभ्या जन्मात खाल्लं न्हाई.”

तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. इतके दिवस जी थट्टा होती, ती थट्टा राहिली नाही. “आन मला त्यातली एक फोड बी द्यावीशी वाटली न्हाई तुमास्नी,” ती म्हणाली.

त्याच्याकडं उत्तर होतं. पण ते सांगायचं तर सयाजीचं नाव घ्यावं लागलं असतं, वीरधवलचं घ्यावं लागलं असतं, आणि हातानं पुसून पुसून त्यानं काय काय विकलं ते सगळं तिच्यापुढं ठेवावं लागलं असतं. मग त्यानं नव्या पेटीतलं सगळ्यात चांगलं सफरचंद निवडलं, कापलं आणि फोड तिच्यापुढं धरली. मेहरुनबीनं ती घेतली नाही.